मनकर्णाच्या नावाची डबी

मनकर्णाला ताप यायचा तो दिवेलागणीला. सकाळी मेंढरं सोडताना बाई धडधाकट, आणि सांजेला घोंगडी गुंडाळून कंबर धरून कण्हत बसलेली. घाटनांदूरजवळच्या त्या वाडीत निम्म्या बायकांनी कंबर धरलेलीच असते, त्यामुळं कुणाला त्यात नवल वाटलं नाही. डॉक्टरांनाही नाही. एकानं टायफॉइड म्हटलं, दुसऱ्यानं हिवताप, तिसऱ्यानं तर नाडीही न बघता "आता वय झालं" म्हणून गोळ्या हातावर टेकवल्या. वय झालं म्हणे! पन्नाशी न गाठलेल्या मनकर्णाला असा संताप आला की घरी येईपर्यंत वाटेतल्या बाभळींनाही शिव्या बसल्या.

पुढं कधीतरी बीडला नीट रक्त तपासलं, तेव्हा आजाराचं नाव कळलं. ब्रुसेलोसिस. मेंढराकडून माणसाला लागणारा ताप. अडलेली मेंढी सोडवावी तर मनकर्णानंच. ती नुसत्या हातानं कोकरू ओढून काढायची, नुसत्या हातानंच व्याल्यावर पडलेली वार उचलून पुरायची. त्यातूनच जंतू अंगात शिरले होते. त्यावर औषध होतं. तिनं ते दोन वेळा पुरतं घेतलं आणि दोन्ही वेळा ताप फिरून आला.

तिच्या नवऱ्यालाही, आप्पालाही, तोच आजार निघाला, पण हलका. त्याला कधीमधी कणकण यायची, बस्स. दुखणंसुद्धा या माणसाला बेतानं येतं, असं मनकर्णा म्हणायची.

आप्पा तसा वाईट नव्हता, खोट काढायची तर तीच. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा आलेला घास सगळ्यांना वाटून खाणारा. जनावरांच्या दवाखान्यातून जंताचं औषध आलं की बादलीत कालवून वाडीतल्या सगळ्या मेंढरांना सारखं पाजायचं काम पिढ्यान्‌पिढ्या याच घराकडं. एकाचं मेंढरू सुटलं असं कधी झालं नाही, याचा आप्पाला भारी अभिमान. घरातही तीच रीत. चहासुद्धा एकाच कपात गाळायचा, निम्मा आप्पानं बशीत ओतून घ्यायचा आणि कपातला निम्मा मनकर्णाला. याला तो माया म्हणायचा.

मग एका मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजचं संशोधन वाडीवर आलं. म्हणजे स्कूटीवरून स्वप्नाली आली. या कामावर नेमलेली आरोग्यसेविका, अंबाजोगाईची मुलगी. तिनं ओट्यावर बसून सगळं समजावलं. जुन्या गोळ्या सगळ्यांनाच मिळणार. शिवाय प्रत्येकाला एकेक डबी. काही डब्यांत नवीन औषध, ताप फिरून येऊ नये म्हणून शोधलेलं. काहींत तशाच दिसणाऱ्या गोळ्या, पण औषध नसलेल्या. कुणाला काय मिळालं हे रोग्याला, स्वप्नालीला, डॉक्टरलाही ठाऊक नसणार. अभ्यास संपल्यावरच ते उघडायचं.

"मंजी फसवनार की आमाला," मनकर्णा म्हणाली.

"फसवायचं असतं तर आधी सांगितलं असतं का, मावशी? एकाला देऊन आणि एकाला न देऊन बघितल्याशिवाय कळणार कसं, की गुण औषधानंच आला?"

हे मनकर्णाला पटलं. ती तयार झाली. स्वप्नालीनं दोन डब्या काढल्या, त्यावरच्या नंबराखाली पेनानं नावं घातली. एकीवर आप्पा, एकीवर मनकर्णा. मनकर्णानं आपली डबी कितीतरी वेळ हातात फिरवली. रेशनकार्ड आप्पाच्या नावाचं, घरकुल आप्पाच्या नावाचं, मेंढरं तर अजून सासऱ्याच्या नावानंच ओळखली जायची. जन्मात पहिल्यांदा एक वस्तू तिच्या एकटीच्या नावानं आली होती. तिला भरून आलं, पण गोळ्यांच्या डबीसाठी कोण रडतं, म्हणून तिनं डोळे पुसले आणि दोन्ही डब्या फळीवर नीट ठेवल्या.

आणि काय सांगावं, गुण यायला लागला. दिवेलागण व्हायची आणि ताप यायचा नाही. मनकर्णा आधी भीतभीत, मग उघडपणे खूश झाली.

महिन्यानं स्वप्नाली तपासणीला आली. बोलता बोलता तिनं विचारलं, "रोज आपापल्या डबीतलीच गोळी घेता ना?"

आप्पा हसला. "आपापली कशाची? पयल्याच दिशी दोन्ही डब्या घोंगडीवर वतल्या, कालवल्या अन् निम्म्या निम्म्या भरून ठिवल्या. एकाला खरं अन् एकाला खोटं, हे काय शोभतं व्हय? खरं कुनाच्याबी डबीत असू दे, दोगांला निम्मं तर येतंय!"

स्वप्नालीच्या हातातलं पेन तिथंच थांबलं. ती बाजूला जाऊन डॉक्टरांशी फोनवर बोलली आणि उतरल्या तोंडानं परत आली. जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या. डब्या मात्र परत न्याव्या लागतील, म्हणाली.

मनकर्णा उठून उभी राहिली. "चूक ह्यांची हाय. माजं औषध का म्हून नेतीस?"

"मावशी, आता यातली तुमची गोळी कोणती, हे कुणालाच सांगता येत न्हाई."

मनकर्णानं दोन्ही डब्या फळीवरून काढून दिल्या. स्कूटी गेल्यावर ती आप्पाकडं वळली. "मला इचारलं हुतं का?"

"तुज्याचसाटी केलं गं," आप्पा म्हणाला. तो खरंच सांगत होता, आणि त्यानंच तिच्या अंगाची लाही लाही झाली. त्यानं गोळ्या विकून खाल्ल्या असत्या तर तिला चार माणसांत त्याचे वाभाडे काढता आले असते. आता वाडीत ज्याला सांगावं तो आप्पालाच शाबासकी द्यायचा.

थंडीत मेंढ्या व्यायला लागल्या. स्वप्नालीनं दिलेले हातमोजे घालूनच मनकर्णा कोकरं काढायची. तरी एका संध्याकाळी अंगावर काटा आला, दात वाजायला लागले. ताप फिरून आला होता. आप्पाला मात्र पुन्हा कधी कणकणही आली नाही.

अभ्यास संपल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात, स्वप्नाली सांगायला आली. आप्पानं चुलीवर चहा ठेवला. नव्या औषधाचा फायदा दिसला, ती म्हणाली, पण पक्कं म्हणायला अजून अभ्यास करावा लागेल.

"मंजी आता मिळत न्हाई?"

"अजून न्हाई, मावशी. वेळ लागंल."

"अन् माज्या डबीत काय हुतं?"

स्वप्नालीनं एकदा आप्पाकडं बघितलं. "तुमच्या डबीत खरं औषध होतं. आप्पांच्या डबीत नुसत्या गोळ्या."

आप्पा चहा गाळत होता. त्यानं पाहुणीला चहा दिला. मग सवयीनं दुसऱ्या कपातला निम्मा चहा आपल्या बशीत ओतला आणि कप मनकर्णापुढं सरकवला.

मनकर्णानं कपात बघितलं.

"निम्मा नगं," ती म्हणाली. "मला अख्खा पायजे."

पातेल्यात चहा उरला नव्हता. आप्पानं बशी उचलली आणि खाली मान घालून तिच्या कपात रिकामी केली. मनकर्णानं कप दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्यादेखत शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.