पहिली फेरी अक्काची

ब्रेकचं पेडल तळाला टेकलं आणि वर आलंच नाही. दत्तूनं पाय उचलून पुन्हा दाबलं, पुन्हा उचलला, पुन्हा दाबलं. गंडीपेटच्या पुढचा तो उतार, खाली वळणावर रस्ता ओलांडणाऱ्या म्हशी, आणि आम्ही दोघं छप्पर नसलेल्या तांबड्या गाडीत, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. त्यानं गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी किंचाळली, पण थांबली नाही. "अक्का, खाली वाक," एवढंच तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. आता भाकरी टाकू नकोस, पोट भरलं, असं सांगताना असायचा तसा. मी वाकले. म्हशी चुकवायला त्यानं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. तिकडे आपल्या हैदराबादला जागोजाग असतो तसा घराएवढा दगड होता...

याला सात आठवडे झाले. दत्तू माझा धाकटा भाऊ. चिक्कडपल्लीच्या गल्लीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चाळीस वर्षं त्यानं जुन्या गाड्यांची बंद पडलेली इंजिनं चालू करून दिली. गेल्या महिन्यात याच पुरवणीत त्याच्यावर चार ओळी आल्या. इंजिनांवर प्रेम करणारा माणूस इंजिनाच्या सोबतीनंच गेला, असं लिहिलं होतं. लिहिणारा त्या गाडीत नव्हता. नातेवाईक येतात आणि म्हणतात, हौसेनं जगला, हौसेनं गेला, भाग्यवान. त्याच्या छातीत स्टिअरिंगचा दांडा घुसला होता, यात भाग्य कुठलं ते मला कुणी दाखवावं. आणि पाठ वळली की हीच माणसं म्हणतात, म्हाताऱ्याला या वयात वेगाची खाज. गाडीच्या मालकानं पोलिसांना तेच सांगितलं. म्हणे गाडी न विचारता बाहेर काढली. हे खोटं तसंच राहू नये म्हणून मी लिहिते आहे. मी जामबागच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. खरं लिहायला तेवढं पुरतं.

चौथीतच शाळा सुटली कारण आई गेली आणि दत्तू एक वर्षाचा होता. वडील बस डेपोत कामाला. पोराला सांभाळायला घरात मीच होते, नऊ वर्षांची. लग्न झालं, पंचविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, मी परत याच घरात आले. दत्तूनं लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारलं की तो म्हणायचा, घरात एक बोलणारी आहे तेवढी बस झाली. मी बोलणारी आहेच. लहानपणापासून त्याला टोमणे मारतच मी वाढवला. गोड बोलून तो कधी ऐकत नसे.

एकोणिसाव्या वर्षी त्यानं भंगारातली एक स्कूटर आणून तिचं इंजिन खोललं. पाच महिने घरात रॉकेलचा वास. मग एका सकाळी म्हणाला, अक्का, बस मागं. निघालो. मी म्हटलं, "एवढंच? यापेक्षा मी चालत पुढं जाते." त्यानं वेग वाढवला. माझी एक चप्पल रस्त्यात पडली तेव्हा मी म्हटलं, "पुरे." झालं, तेव्हापासून रीत पडली. इंजिन कुणाचंही असो, पहिली फेरी अक्काची. मी म्हणायचं 'एवढंच?', त्यानं पाय दाबायचा, आणि मी 'पुरे' म्हणेपर्यंत दाबत जायचं. माझं 'पुरे' झाल्याशिवाय इंजिन तयार झालं असं तो मानत नसे. गिऱ्हाईक दारात ताटकळलेलं असलं तरी आधी मी जाऊन बसायची. लोक हसायचे. मला आवडायचं, खोटं कशाला सांगू.

ही तांबडी गाडी गेल्या वर्षी आली. दोघांपुरती, विलायती, एका जुन्या देवडीच्या, म्हणजे नबाबी वाड्याच्या, कोपऱ्यात किती वर्षं पडून होती देव जाणे. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. घेणारा मूळचा पुण्याचा, संगणकाच्या कंपनीत मोठा साहेब, बोलायला अगदी मऊ. इंजिन पार जाम झालेलं. पिस्टन सिलिंडरात असे धरलेले की हलेनात. दुसरा असता तर हातोडा घातला असता. दत्तूनं तेलात डिझेल मिसळून वरून ओतलं आणि रोज सकाळी आंघोळीच्या आधी लाकडाचा ठोकळा ठेवून पाच-सहा हलके ठोके द्यायचा. रोज. तेविसाव्या दिवशी पिस्टन केसभर हलला. त्या दिवशी त्यानं मला हाक मारून दाखवलं. मला काही दिसलं नाही, पण मी दिसलं म्हटलं.

मग साहेबाची भूक वाढली. नुसतं चालू नको, आणखी ताकदीचं करा काका. अफझलगंजच्या बाजूला लेथ चालवणारे युसुफभाई दत्तूचे जुने दोस्त. त्यांच्याकडे सिलिंडर रुंद करून मोठे पिस्टन बसवले, हेड घासलं, एका कार्बोरेटरच्या जागी दोन आले. दत्तूकडे लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचा आणि मूठ कानाला. डॉक्टर छाती तपासतो तसा आतला ठोका ऐकायचा. त्या दिवसांत तो तासन्‌तास तसाच उभा असायचा. जेवायला बोलावलं तर दुसरा कान माझ्याकडे नसायचा.

ब्रेक मात्र जुनेच होते. दत्तूनं साहेबाला माझ्या देखत सांगितलं की एवढ्या इंजिनाला हे ब्रेक चालायचे नाहीत, ड्रम, नळ्या, सगळं बदलायला हवं. माल बाहेरून यायला तीन महिने लागणार होते. साहेबाला महिन्यावर आलेल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात जायचं होतं. तो हसून म्हणाला, "ब्रेक कुणाला दिसतात, काका? इंजिनाचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. ब्रेकचं नंतर बघू. तुम्ही एकदा चालवून बघा आणि मला कळवा." हे वाक्य मी चहाचा कप हातात धरून ऐकलं आहे. न विचारता गाडी काढली म्हणणाऱ्यानं माझ्यासमोर येऊन पुन्हा म्हणावं.

पण सगळं त्याच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. दत्तूला कळत होतं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला त्याची जीभ कधी अडली नाही, मात्र त्या इंजिनाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. त्यानं रबरं बदलली, नवं ब्रेक ऑइल भरलं आणि स्वतःची समजूत घातली. निघताना युसुफभाई शेडच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "इंजन घोडे का, बिरेक बकरी के. नक्को चलाओ, दत्तूभाई. आपा, तुम तो नक्को बैठो." मी काय केलं? हसले. म्हटलं, युसुफभाई, तुम्हाला बसायला मिळालं नाही म्हणून जळताय. त्या गाडीला मुळात सीटचे पट्टे नव्हते. दत्तूनं आदल्या दिवशी माझ्या बाजूला एक बसवला होता. त्याच्या बाजूचा राहिला होता. रविवारी लावतो म्हणाला. आम्ही निघालो तो शुक्रवार होता.

शहर संपेपर्यंत तो हळू चालवत होता. गंडीपेट मागं पडलं, रस्ता मोकळा झाला. मी म्हटलं, "एवढंच?" त्यानं पाय दाबला. पदर उडाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इंजिनाचा आवाज आधी पायांत आला आणि मग पोटात. तो माझ्याकडे बघून हसला, सदुसष्ट वर्षांचा माणूस, पुढचे दोन दात नसलेला. मला तेव्हाच 'पुरे' म्हणता आलं असतं. उतार समोर दिसत होता. बकरीचे ब्रेक मी तासाभरापूर्वी ऐकले होते. मी दुसऱ्यांदा म्हटलं, "एवढंच? स्कूटर बरी होती की."

'पुरे' म्हणायचं राहिलं.

कुणी म्हणतं, अक्काला वाचवायला त्यानं मुद्दाम आपली बाजू दगडावर घेतली. हे ऐकलं की माझं डोकं भडकतं. तेवढा विचार करायला वेळ नव्हता. त्यानं म्हशी चुकवल्या. उगाच त्याला देव करू नका. त्यानं चूक केली, मी ती करायला लावली, आणि जो ब्रेक कुणाला दिसतात म्हणाला तो तेराव्याला हार घेऊन आला. सोबत चौकट होती. त्यात दत्तूचा नव्हे, गाडीचा फोटो. म्हणाला, "काका आवडीचं काम करता करता गेले, आजी." मी म्हटलं, "तुम्हीही तुमच्या आवडीचं काम करता करता जा. आणि ही चौकट उचला." माझ्या हाताला प्लास्टर होतं, नाहीतर मीच उचलून दिली असती.

परवा युसुफभाईंचा निरोप आला. गाडीचा चुराडा भंगारात गेला, पण इंजिनाला खरचटलंही नाही. साहेबाला ते दुसऱ्या गाडीत बसवायचं आहे, त्याआधी लेथच्या अंगणात एकदा चालू करून बघणार आहेत. मी शेड उघडली. स्क्रूड्रायव्हर खिळ्यावर होता तिथेच होता. मुठीवर त्याच्या कानाच्या जागी लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं आहे. तो पिशवीत घालून रिक्षानं गेले. साहेबाचा माणूस मला बाजूला व्हा म्हणत होता. युसुफभाईंनी त्याला गप्प केलं.

लोखंडी घोडीवर बसवलेलं इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. मी टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. मला वाटलं होतं, एखादा तरी ठोका चुकेल. एवढं दगडावर आदळलंय, काहीतरी मोडलं असेल... एकही चुकत नव्हता. मिनिटभरानं युसुफभाईंनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुरे.

गाडी गेली. दत्तू गेला. वाचलं ते इंजिन, आणि मी.