शेवटच्या भागाची सीडी

अशा लांब काय बसता, इकडे सरका. आणि मी रोबो म्हटलं की तोंडाला पदर लावून हसता, ते आधी बंद करा. म्हातारीने काय फक्त कीर्तनच बघायचं?

आमच्या महाडच्या घरात सीडी प्लेयर नवा होता तेव्हाची गोष्ट. मुंबईला कॉलेजात शिकणारी माझी भाची गणपतीला आली, ती जपानी कार्टूनच्या सीड्या घेऊन. डोंगराएवढा रोबो आणि त्याच्या पोटात बसून त्याला चालवणारी एक पोरगी. मला जपानी कळत नाही, खालच्या इंग्रजी ओळी वाचता येत नाहीत. भाची मराठीत सांगत जायची. म्हणाली, "आत्या, तिकडे पूर्वी कार्टूनमधले हिरो असेच होते, छाती ठोकून ओरडणारे. मग मधे सगळे रडके झाले. 'मीच का लढू' म्हणत कोपऱ्यात बसायचे. आता परत गरम रक्ताचे आलेत."

"बरं झालं," मी म्हटलं. सासरी आल्यापासून 'हळू बोल, ओटीवर माणसं आहेत' हेच ऐकत आलेली मी. ती पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडली की माझीच छाती मोकळी व्हायची.

शेवटचा भाग लावणार तोच वीज गेली, आणि भाचीची निघायची वेळ झाली. सीडी माझ्यासाठी ठेवून गेली. म्हटलं, पाहुणे गेले की निवांत बघू.

तेवढ्यात कापडे गावचे माझे दीर आले. खराब सीड्या आमच्याकडे कोणी टाकत नाही. दोरीत ओवून भातावर टांगतात, चकाकल्या की पोपट बिचकतात. आमच्या ह्यांनी त्यांना गठ्ठा दिला, त्यात माझीही दिली. का, तर वर नाव नव्हतं, नुसत्या जपानी किडेमुंग्या काढलेल्या.

कळल्यावर मी त्यांच्या शेतावर गेले तर दीर खुशीत. "वयनी, लय झकास सीडी हाय. पोपट बांधावर पण येत नाय."

सोडवून आणली. ओरखडेच ओरखडे. रोबो गुडघ्यावर पडलेला, पोरीने ओरडायला तोंड उघडलं, आणि चित्र अडकलं. पुसली, फुंकर मारली, परत लावली. तोंड उघडंच, आवाज नाही.

हे म्हणाले, "रोबोच जिंकणार, त्यात बघायचं काय?"

"आणि तुम्ही हरलेली मॅच परत परत बघता, ती?"

भाचीला आता नोकरी आहे, रजा कधीच नसते. दर सणाला फोनवर विचारते, "आत्या, सांगून टाकू का, रोबो उठतो की नाही?"

मी म्हणते, खबरदार सांगशील तर. मला निकाल नको, ती आरोळी ऐकायची आहे. दुसरी सीडी घे, वीर स्टेशनला उतर, रिक्षा मी पाठवते. पण ये गो लवकर.