शेवटचा रकाना

दिवाकर बोरकुटेला देवानं माणूस म्हणून पाठवलं खरं, पण भिलाईत येऊन त्याची फूटपट्टी झाली. बत्तीस वर्षं त्यानं रेल मिलमध्ये रूळ तपासले. रूळ सरळ आहे का, कुठं केसाएवढी चीर आहे का, हे पाहायचं आणि चालत नसेल तर खडूनं फुली मारायची, हे त्याचं काम. नोकरी संपली, पण ते काम काही अंगातून गेलं नाही. बाजारात तो भेंडीची टोकं मोडून मोडून भाजीवालीला रडकुंडीला आणतो. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसला, तर वाढप्याला म्हणाला, ‘‘हे जिलेबी अर्ध्याच वेढ्याची हाये, बदल.’’ माझी बायको कांता त्या दिवसापासून त्याला आपणहून जेवायला बोलवत नाही. मी बोलावतो. चाळीस वर्षांची सोबत आहे, आणि सेक्टर दोनमध्ये आमची क्वार्टरं पाठीला पाठ लावून उभी आहेत.

तर अशा माणसाच्या हाती एकवीस लाख रुपये आले आणि ते त्याला दान करायचे होते.

पैसे त्याचे नव्हते, त्याच्या बायकोचे, गीतावहिनींचे होते. वहिनी शाळेत शिकवायच्या. त्यांची साठवण, निवृत्तीचे पैसे आणि माहेरच्या शेताचा हिस्सा, सगळं मिळून एवढं झालं. गेल्या दिवाळीच्या आधी त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यात चांगल्या शुद्धीत होत्या. माझ्यासमोरच त्यांनी दिवाकरला सांगितलं, ‘‘माहे पैसे जिथं सगळ्यात जास्त गरज असन तिथं द्या. अन् एकाच जागी द्या, चिमूट चिमूट वाटत बसू नका. माह्या नावाचा पंखा नका फिरवू कुठी.’’ पंख्याची गोष्ट अशी की, एका सभागृहात त्यांनी चौदा पंखे पाहिले होते, प्रत्येकाच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव, आणि बायकांना जायला धड संडास नाही. त्याचा त्यांना मरेपर्यंत राग होता.

मला तर हे प्रकरण फार सोपं वाटलं. दिवाकर आणि वहिनींना एकच मुलगी होती, मधुवंती. तिला सिकलसेल होता. विदर्भापासून छत्तीसगडपर्यंत आमच्या लोकांत हा रक्ताचा आजार घरोघरी सापडतो; लेकरांचं रक्त टिकत नाही, सांधे असे दुखतात की पोर जमिनीवर लोळतं. मधुवंती तेराव्या वर्षी गेली.

‘‘अरे, सिकलसेलच्या पोरायले दे न,’’ मी म्हणालो. ‘‘यात इचार काय करून राहिला बे तू?’’

‘‘तेच त भेव हाये, भाऊराव,’’ दिवाकर म्हणाला. ‘‘मधुवंती मधात आली का माह्यं माप चुकते. ज्यानं माल बनवला त्यानं तो तपासू नाई.’’

मी भांडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

मग बातमी फुटली आणि गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी माणसं लागली. कुणाला देवळासमोर मंडप हवा होता, कुणाला गायींसाठी शेड. एक तरणाबांड गडी तर ‘स्वर्गीय गीताताई चषक’ अशी क्रिकेट स्पर्धा घेऊन आला. आयुष्यात वहिनींनी बॅट हातात धरली असेल तर ती कपडे धोपटायला. दिवाकरनं एकालाही हाकललं नाही. सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं लिहून घेतलं आणि एप्रिलच्या उन्हात तो एकेक जागा पाहत हिंडला. स्कूटरवर मागे मी. मला दुसरा उद्योग नव्हता, आणि कांता म्हणाली होती, ‘‘जा तुमी त्याच्यासंगं. एकटा असला का जेवत नाई तो.’’ एवढं बोलून तिनं डबा भरून दिला, दोघांचा.

तपासणीसाठी दिवाकरनं एक कागद बनवला होता. त्यात सहा रकाने: पाणी, जेवण, छप्पर, औषध, स्वच्छता, आणि शेवटचा ‘मागे कोण’. म्हणजे आज जो माणूस ही संस्था चालवतो, तो उद्या पडला तर पुढे कोण चालवणार. प्रत्येकाला दहापैकी गुण. हे गुण तो पेनानं, समोरच्याला दिसतील असे, तिथल्या तिथं लिहायचा. ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांच्यापासून लपवायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. मलाही तेव्हा त्याचं कौतुक वाटलं.

मे महिना लागेपर्यंत दोनच जागा उरल्या.

पहिली भिलाईतच, रुआबांध्याला. अन्नपूर्णाबाई म्हणून एक बाई, नवरा रेल्वेत होता, तो वारल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत खेड्यांतली सिकलसेलची मुलं सांभाळायची. गावात औषध नाही, डॉक्टर नाही, म्हणून आईबाप पोर तिच्याकडे ठेवून जायचे. अकरा मुलं होती. या आजारात पाणी सारखं प्यावं लागतं, म्हणून प्रत्येक अंथरुणाशी नाव लिहिलेली बाटली. आम्ही गेलो तेव्हा टीना नावाची नऊ वर्षांची मुलगी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. अन्नपूर्णाबाई तिच्या पायांना गरम पाण्याची पिशवी लावून शेकत बसल्या होत्या आणि शेकता शेकताच आमच्या प्रश्नांना उत्तरं देत होत्या. दिवाकर दारातून आत येईना. त्याचा चेहरा मला पाहवला नाही. मग तो एकदम वळला, अंगणातली पाण्याची टाकी ठोकून पाहू लागला आणि विचारू लागला की ही शेवटी कधी धुतली.

टाकी धुतलेली होती. सगळंच ठीक होतं. नऊ, आठ, सात, नऊ, नऊ असे गुण पडत गेले. शेवटी तो सहाव्या रकान्याशी आला.

‘‘तुमचं वय?’’

‘‘अडुसष्ट.’’

‘‘मदतीले कोन हाये?’’

‘‘भांडे घासाले एक बाई येते.’’

‘‘पोरगा, पोरगी? नात्यातलं कोनी?’’

‘‘कोनी नाई, भाऊ.’’

‘‘म्हणजे तुमच्या मागं हे चालवाले कोनीच नाई?’’

‘‘कोनीच नाई,’’ त्या म्हणाल्या.

दिवाकरनं शून्य लिहिलं. अन्नपूर्णाबाईंनी वाकून ते पाहिलं आणि चहा ठेवायला उठल्या.

दुसरी जागा दुर्गच्या पुढे. तिथं भूषण नावाचा चाळिशीचा माणूस, त्याची बायको मोनाली आणि दोन भाऊ मिळून अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं सांभाळत. जमीन त्यांची स्वतःची, पण पक्कं छप्पर अर्ध्यावरच. एकोणीस म्हाताऱ्यांतली आठ जणं मे महिन्यात पत्र्याखाली भाजत पडलेली. त्यांना कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागायचा. भूषणमध्ये काहीतरी खोट निघावी म्हणून मी डोळे ताणून पाहिलं. निघाली नाही, मेल्याची. एका आजोबांनी दिवाकरला आपला मुलगा समजून त्याचा हात धरला आणि अर्धा तास सोडला नाही. दिवाकरही बसून राहिला. शेवटच्या रकान्यात इथं नऊ गुण पडले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी वैऱ्यालाही देणार नाही. रोज संध्याकाळी दिवाकर तो कागद घेऊन माझ्या व्हरांड्यात यायचा.

‘‘भाऊराव, तू सांग.’’

‘‘रुआबांधा.’’

‘‘कावून?’’

‘‘मले वाटते म्हणून.’’

‘‘वाटते हे कारन होत नाई.’’

एके दिवशी माझं डोकंच सरकलं. कागद हिसकावून घेतला आणि म्हणालो, ‘‘फाडून टाकतो हे! देनं नाई होत त बँकेत सडू दे!’’ दिवाकर माझ्यावर चिडला नाही. तसाच खुर्चीत बसून राहिला आणि हळूच म्हणाला, ‘‘एकाले हो म्हनलं का दुसऱ्याले नाई म्हनल्यासारखंच होते न. रूळ नापास झाला त परत भट्टीत जाते, नवा होऊन येते. हे पोरं कुठं जातीन? अन् ते बुढे?’’ त्याचे डोळे भरून आले होते. चाळीस वर्षांत मी त्याला रडताना दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा स्मशानात. एवढा पैसा जवळ असून आम्ही दोघं म्हातारे हात बांधल्यासारखे बसलो होतो. कांता चहा ठेवून गेली, तो निवला, तिनं तो नेला.

शेवटी कागदानंच ठरवलं. भूषणची बेरीज पाच गुणांनी जास्त भरली. दिवाकर म्हणाला, ‘‘एक बाई गेली अन् तिच्यासंगं गीताचा पैसाबी गेला, असं नाई झालं पाहिजे.’’ मला ते खोडून काढता आलं नाही. आतून पटलंही नाही, पण न पटायला कारण लागतं. मंगळवारी आम्ही दुर्गला जाऊन भूषणच्या हातात चेक दिला. मोनालीनं वाकून नमस्कार केला. दिवाकरनं ‘असू दे, असू दे’ म्हटलं आणि लगेच स्कूटर काढली.

बुधवारी तो रुआबांध्याला निघाला. नकार फोनवर द्यायचा नाही, तोंडावर द्यायचा, हे त्याचं तत्त्व. मी म्हणालो, ‘‘जाऊ नको, चिठ्ठी पाठव.’’ पण ऐकेल तो दिवाकर कसला?

टीना त्या दिवशी बरी होती. तिनंच आम्हाला पाणी आणून दिलं. दिवाकरनं पेला हातात तसाच धरला आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं, ‘‘अन्नपूर्णाबाई, पैसे दुसरीकडं दिले. काल.’’

त्यांनी त्याच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. मग मुलांना बाहेर अंगणात पाठवलं.

‘‘बसा त खरं, उन्हातून आले,’’ त्या म्हणाल्या. आम्ही बसलो. ‘‘मले राग नाई, भाऊ. ज्यायले देल्ले त्यायलेबी गरजच असन. फक्त आमचं काय कमी पडलं तेवढं सांगा. पुढं कोनी आलं त तेवढं सुधरवून ठेवीन.’’

दुसरा कुणी असता तर काहीबाही थाप मारून सुटला असता. मी डोळ्यांनी खुणावलंही. पण दिवाकरनं खिशातून कागद काढला, उलगडला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

‘‘बाकी सारं चांगलं हाये. हे एवढंच. तुमच्या मागं कोनी नाई. उद्या तुमाले काही झालं त सारं बंद पडन.’’

अन्नपूर्णाबाई त्या शून्याकडे पाहत राहिल्या.

‘‘पन भाऊ, माह्या मागं कोनी नाई, म्हणूनच त मागून राहिली होती मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन पोरी पगारावर ठेवीन, माह्या डोळ्यापुढं त्यायले तयार करीन, असं होतं मनात. माह्याजवळ त्यायले द्याले पगार नाई.’’

दिवाकरनं कागद जवळ ओढून पुन्हा पाहिला.

‘‘मंग हे मले त्या दिवशी कावून नाई सांगितलं तुमी?’’ त्यानं विचारलं.

‘‘तुमी माह्यासमोर शून्य लिवलं न,’’ अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. ‘‘मले वाटलं, गरज कुठं हाये ते तुमाले दिसलं. त्या राती मी लय दिवसांनी निवांत झोपली.’’