विष्णुपुरीच्या रस्त्यावर माझ्यामागं कोण होतं?

मंडळी, मी जनावरांचा डॉक्टर. उभी नोकरी नांदेड जिल्ह्यात गेली. म्हशीचं दूध आटलं की नजर लागली म्हणणाऱ्या, गोठ्याच्या दाराला काळी बाहुली टांगणाऱ्या किती जणांना मी तोंडावर झापलं असेल! ‘आधी जंताचं औषध पाजा, मग बाहुली टांगा’ हे माझं ठरलेलं वाक्य. त्यामुळे पुढचं लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मागच्या वर्षी धर्माबादला मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत जिलेबीला हात घातला आणि छातीत कळ आली. नांदेडला आणलं, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसले. काही महिन्यांनी सगळ्या तपासण्या करून हार्टच्या डॉक्टरांनी आधी चालायला आणि मग हळूहळू पळायला परवानगी दिली. अट एकच — पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की थांबायचं.

ही अट माझ्या बायकोच्या, शोभाच्या, हाती लागली आणि माझे हाल सुरू झाले. आम्ही नांदेडच्या सिडकोत राहतो. सकाळी उजाडलं की ती मला तिच्या बॅटरीच्या स्कुटीवर बसवून विष्णुपुरीला, धरणाकडच्या रस्त्यावर न्यायची. तिथून मी पुढं पळायचं आणि तिनं मागून हळूहळू गाडी चालवत प्रश्न विचारायचे. माझा मोबाईल आणि जिभेखाली ठेवायची गोळी तिच्या पर्समध्ये.

“अवो, बोला की! वांगी आणायची का दोडकी?”

“काहीही आण.”

“असं न्हाई चालत. पूर्ण वाक्य बोला!”

मी चिडायचो, पण खरं सांगतो, त्या पळण्याचं मला वेड लागलं होतं. घाम आला की वाटायचं, आपण अजून आहोत.

थंडीतली एक सकाळ. उजाडलं होतं, पण गोदावरीवरून असं दाट धुकं आलं होतं की रस्त्याकडेचं झाडसुद्धा जवळ गेल्यावरच दिसायचं. शोभा म्हणाली, “आज ऱ्हाऊ द्या, घरी जाऊ.” मी हट्टाला पेटलो. एक दिवस सोडला की पुन्हा पेशंट होईन अशी भीती मनात बसली होती. निघालो. मागून तिची बडबड सुरू झाली — लातूरला मुलीकडं कधी जायचं, जाताना काय न्यायचं. बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो, त्यामुळे नुसता तिचाच आवाज यायचा. मी उत्तरं देत पळत होतो.

एका मोठ्या लिंबाच्या झाडापासून आम्ही रोज परत फिरायचो. तिथं आल्यावर मी वेग कमी केला, तर मागून आवाज आला, “वळता कशाला? जमून राहिलंय की तुम्हाला. जा अजून.”

आता काय सांगू... मी इतका खूष झालो! लग्न झाल्यापासून या बाईनं माझं कधी कौतुक केलं नव्हतं. छाती पुढं काढून मी जास्तच जोरात पळालो. थोड्या वेळानं धाप लागली. म्हणालो, “शोभा, दम लागतोय गं.”

“काय होत न्हाई. पळा.”

आवाज तिचाच. त्या दिवशी सर्दीनं थोडा बसला होता, अगदी तसाच. फक्त फार जवळून येत होता, खांद्यामागून.

“पळ दत्ता. पळ.”

मी जागच्या जागी थांबलो. माझं नाव दत्तात्रय. शोभानं ते लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधीच नाही. दवाखान्यात मला आत नेत होते तेव्हा नर्सनं ‘पेशंटचं नाव?’ विचारलं, तर त्या रडारडीतसुद्धा हिनं मुलीला पुढं करून सांगायला लावलं होतं.

वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. नुसतं धुकं.

मग छाती आवळली आणि डावा हात जड पडला. रस्त्याच्या कडेला कसाबसा बसलो. ओरडायला दम नव्हता. मला मरायचं नव्हतं हो... आणि शेजारी कुणीतरी उभं राहून वाट बघतंय असं सारखं वाटत होतं.

तेवढ्यात धुक्यातून चपलांचा फटफट आवाज आला. त्यालाही मी घाबरलो. पण मागोमाग ओरडणं ऐकू आलं, “अवो! कुठायत तुम्ही? अवो!” ते ‘अवो’ ऐकून मला रडूच फुटलं. शोभा साडी वर खोचून पळत आली. तिनं गोळी जिभेखाली ठेवली आणि एका टेम्पोला हात करून मला दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं पळाला असता तर हाताशी काही उरलं नसतं.

वॉर्डातून घरी आल्यावर तिनं तिचं सांगितलं. तिची गाडी लिंबाच्या बरीच अलीकडं, सुरुवातीलाच बंद पडली होती. तिनं मला खूप हाका मारल्या. तेव्हा धुक्यातून मी म्हणालो म्हणे, “तू जा घरी. गोळी हाय माझ्याजवळ.”

“तुमचाच आवाज,” ती म्हणाली. “मी बंद गाडी ढकलत वळवली बी होती. मुलीला फोन करावा म्हणून पर्समधी हात घातला, तर गोळ्याची पट्टी हाताला लागली. मग गाडी तिथंच टाकली अन् पळत सुटले.”

मी असं काही बोललो नव्हतो.

डॉक्टर म्हणतात, ऑक्सिजन कमी पडला की माणसाला भास होतात. माझ्यापुरतं मी ते मानतो. पण शोभाचं हृदय ठणठणीत आहे. त्या रस्त्यावरच्या चहावाल्याला विचारलं, इथं कधी कुणी दगावलंय का. “न्हाई साहेब, असं काय ऐकलं न्हाई,” म्हणाला. बाकी मी पुन्हा पळायला लागलोय, पण कॉलनीच्या मैदानावर, आणि शोभा शेजारी बूट घालून असते.

परवा दुपारी मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरातून शोभानं हाक मारली म्हणून उठून गेलो, तर ती दारातच समोर आली. हात पिठाचे.

“काय वो,” ती म्हणाली, “कशाला हाक मारलीत?”