मांडीवरची भजी

भुसावळहून अमळनेरला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये एक ख्रिस्ती गृहस्थ रोज माझ्यासमोर बसत. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासासाठी त्यांनी भजी सोडली होती, तरी रोज जळगाव स्टेशनवर गरम भजी घेऊन मांडीवर ठेवत. धरणगावपर्यंत डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत, मधूनच पुडी उघडून वास घेत, पुन्हा डोळे मिटत. मग घाम पुसून पुडी माझ्या हातात देत.

एकदा मी विचारलं, "मग विकत घेताच कशाला?"

"समोर भजीच नसली, तर सैतानानं बिचाऱ्यानं करायचं काय?"

चाळीस दिवस ते मोह जिंकत राहिले आणि भजी मी खात राहिलो.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतःच खाऊ लागले. माझा हात आपोआप पुढे गेला होता.

भरल्या तोंडानं ते म्हणाले, "भाऊ, डोळे मिटा."