माणूस लागणारं मशीन

१२ नोव्हेंबर २००६, रविवार. ओट्यावरचा मिक्सर पलीकडं सरकवला, डबे खाली उतरवले आणि टेपनं मोकळी जागा मोजली. रुंदी तेरा इंच, वरच्या कपाटापर्यंत उंची सोळा. एवढ्यात बसेल असं एक्स्प्रेसो कॉफीचं मशीन त्या दिवशी आणायचं होतं. टेपचं दुसरं टोक आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धरलं होतं. डाव्या हाताचं प्लॅस्टर निघून चार दिवस झाले होते आणि तो हात चालतो हे मला दाखवायचं म्हणून त्यांनी मुद्दाम त्याच हातानं धरलं होतं.

कॉफीचं खूळ मला कामावर लागलं. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी स्टोअर सांभाळत होते. तिथं नवीन लाईन बसवायला इटलीचे दोन इंजिनियर आले, चार महिने राहिले आणि त्यांनी स्वतःचं छोटं मशीन माझ्या टेबलाशेजारी लावलं. पहिला घोट काढ्यासारखा लागला. तिसऱ्या आठवड्यात मी मागून घ्यायला लागले. ते गेले, मशीनही गेलं, आणि लग्नातली ती फेसाळ, वरून चॉकलेटची भुकटी मारलेली एक्स्प्रेसो मला कॉफी वाटेनाशी झाली.

आबा साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. पहिल्या दर्जाचं सर्टिफिकेट होतं त्यांचं. आई गेल्यापासून मुरगूडजवळ गावातल्या घरात एकटे राहायचे. सप्टेंबरात विहिरीवर चक्कर येऊन पडले आणि मनगट मोडलं. दोन तास कोणाला कळलंही नाही. चक्कर पुन्हा येऊ शकते, एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मला भाऊ नाही. तेव्हा मी आबांना आमच्याकडं आणलं. पण त्यांची पिशवी पहिल्या दिवसापासून खुंटीवर भरलेलीच होती. धोतर वाळलं की घडी करून परत पिशवीत जायचं. "लेकीच्या दारात किती दिस ऱ्हायचं?" हे दिवसातून एकदा तरी व्हायचं. बसून खाणं त्यांना जमत नव्हतं. एका हातानं त्यांनी घरातले सगळे नळ, कड्या, सुऱ्यांच्या मुठी नीट केल्या. दिवाळीपर्यंत आमच्या घरात बिघडलेलं काही उरलं नाही, आणि तिथंच माझी अडचण सुरू झाली. सोमवारी सकाळी सातच्या गाडीनं गावी जाणार, असं त्यांनी जाहीर केलं. मी दोनदा वाद घातला. दोन्ही वेळा हरले.

शाहूपुरीत हॉटेलचं सामान विकणाऱ्या एका दुकानात दोन मशीनं होती. आबांना बरोबर नेलं, कारण या मशीनमध्ये बॉयलर असतो म्हटल्यावर ते आलेच असते.

पहिलं मशीन बटणाचं. दाणे दळण्यापासून दुधाला फेस आणण्यापर्यंत सगळं आपोआप.

"मग माणसानं काय करायचं?" आबांनी विचारलं.

"काय न्हाय काका. कप धरायचा," दुकानदार म्हणाला.

"आन् बिघडलं तर?"

"पुण्याहून माणूस येतोय की."

"म्हंजे माणूस लागतोच. फकस्त पुण्याचा."

दुकानदार हसला, पण मला तेच मशीन घ्यायचं होतं. घरून मी तेच ठरवून निघाले होते. सकाळी डबे, पाणी भरणं, साडेसातची कंपनीची बस. कप धरणं एवढंच मला परवडणारं काम होतं.

दुसरं मशीन छोटं, पत्र्याचं, एकाच बॉयलरचं. कॉफीला लागणारं गरम पाणी आणि दुधाला लागणारी वाफ, दोन्ही त्याच एका भांड्यातून. वाफेसाठी एक बटण दाबून ते आणखी तापवायचं. आबांनी ते चारी बाजूंनी फिरवून बघितलं.

"पावणं, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठं हाय?"

"आत हाय, काका."

"दाखवा."

"काका, घरात कॉफी करायचीय. ऊस गाळायचा न्हाय."

"वाफंला काय ठावं, घर हाय का कारखाना?"

दुकानदारानं वरचं झाकण काढून दाखवलं. मग त्यानं कॉफी करून दाखवली, आणि आमच्या भागातला कोणीही करेल तीच चूक केली. आमच्याकडं गिऱ्हाईक आधी फेस बघतं. म्हणून त्यानं आधी म्हशीचं दूध फेसाळून आमच्यापुढं ठेवलं आणि लगेच कॉफीचं बटण दाबलं. मशीन खाकरलं, थुंकलं, आणि कपात काळं, करपट काहीतरी पडलं.

"कॉफीचा माल जरा जुना हाय," तो म्हणाला.

"मालाला कशाला नावं ठेवताय? वाफंसाठी तापवलं ते तापवलंच, निवू कुठं दिलं?" आबा म्हणाले. "सरका जरा."

कारखान्यानं आबांचे कान अर्धे नेले होते. त्यांनी दोन बोटं मशीनच्या अंगावर टेकवली, वाफेच्या नळीखाली पेला धरला, नळी उघडली आणि पंप चालू केला. आधी नुसती वाफ, मग थुंकणं, मग गरम पाण्याची सलग धार. मला कळायच्या आधी त्यांच्या बोटांना कळलं. त्यांनी नळी बंद केली. नवीन कॉफी भरून घेतली आणि दुकानदाराला म्हणाले, "आता दाबा."

वातीएवढी बारीक धार आली, काकवीच्या रंगाची. मी प्यायले. माझ्या टेबलाशेजारची कॉफी ती. हे मशीन आबांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं, आणि त्याला सात-आठ मिनिटं झाली होती. स्टोअरमध्ये मी खूप कारागीर बघितले. मशीनचं पुस्तक न वाचता मशीन वाचणारे त्यांत फार थोडे.

"हे द्या," मी म्हणाले.

आबांना मी कारण सांगितलं की याचा वॉशर उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत कोणीही कापून देईल. ते खरंच होतं, पुढं दोनदा तिथूनच कापून आणला. दुसरं कारण सांगितलं नाही. या मशीनला माणूस लागत होता.

घरी आल्यावर नवऱ्यानं खोकं बघितलं. "काय मामा, कारखाना सुरू?"

"हंगामच हाय की, पावणं," आबा म्हणाले, आणि मशीन तेरा इंचांत बसवून त्याला खालून पुठ्ठ्याची पट्टी देऊन समतल केलं.

मी भाजी निवडत बसले आणि निवडता निवडता बोलले. "मशीन तापायला वीस मिनिटं लागतात. त्या वेळेत माझे डबे असतात. उद्यापासून कसं जमवायचं बघायला पाहिजे."

"मी लावीन की," नवरा म्हणाला.

"तुमी?" आबा म्हणाले. "तुमी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता पेपरात शिरता. वाफेवर बटण ठेवून जाशीला कुठंतरी."

"मग काय करायचं, मामा? तुम्ही तर निघालाय."

"सातची गाडी हाय," आबा म्हणाले आणि मशीनखालची पट्टी आणखी जरा आत सारली.

मी भाजी निवडत राहिले. वाद घातला असता तर तिसऱ्यांदा हरले असते.

दिवेलागणीला त्यांनी माझ्याकडं रेघांचा कागद आणि पट्टी मागितली. कारखान्यात प्रत्येक पाळीला अटेंडंट एक तक्ता भरतो, तसाच त्यांनी आखला. तारीख, चालू केल्याची वेळ, वाफ, पाणी काढलं, बंद. त्यापुढं अटेंडंटची सही. शेवटच्या रकान्यावर लिहिलं, इंजिनियरची सही. कागद मशीनशेजारी भिंतीला चिकटवला. पिशवी खुंटीवर भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचला उठले. मशीनला हात लावला नाही, सरळ अंघोळीला गेले. येऊन डब्यांची कणीक मळायला घेतली. सहा वाजता आबा आले, टाकीत पाणी ओतलं, बटण दाबलं आणि बोटं मशीनवर टेकवून उभे राहिले. सात वाजून गेले, गावची गाडी गेली. मी कॉफी उभ्यानंच प्यायले, कप विसळला, शेवटच्या रकान्यात माझी सही केली आणि कंपनीची बस गाठायला निघाले.