तीन देश फिरून आलेला अर्ज

ब्राउझरमधली ती इनकॉग्निटोची काळी खिडकी काही म्हणजे काही लपवत नाही, हे कळायला मला आठ दिवस लागले. त्याचा अजूनही संताप येतो. ती फक्त घरच्यांपासून लपवते. इंटरनेटवाला, समोरची वेबसाइट, सगळ्यांना आपण दिसतोच. मग ते टोपी-चष्म्याचं चित्र कशाला लावता बाप्पा?

हा सगळा खटाटोप बहिणीसाठी. माझी धाकटी बहीण नंदनवन भागात मुलींच्या एका खाजगी हॉस्टेलची वॉर्डन होती, राहायची खोलीही तिथेच. गच्चीवरच्या टाकीत बोटभर शेवाळ, वर मेलेली पाल. तीन मुली काविळीने घरी गेल्या, त्यातली पारशिवनीची एक तर ऐन परीक्षेत. बहिणीने हॉस्टेल चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांना तीनदा सांगितलं. ते तीनदा "बघू" म्हणाले.

मग ती माझ्याकडे आली. मी गणिताचा मास्तर, घरातला अर्ज लिहिणारा. "भाऊ, अर्ज लिहून दे. खाली माह्यं नाव टाक."

मी उसळलोच. "पागल झाली का वं? नोकरी जाईन, खोली जाईन. नाव टाकाचंच नाही!"

आणि लागलो अभ्यासाला, बिननावाचा अर्ज कसा पाठवायचा त्याच्या. डार्क वेब म्हणजे बंदुका आणि गर्द विकणाऱ्यांचा बाजार, एवढंच मला माहीत. तर तसं नाही म्हणे. घाबरलेली साधी माणसंही त्या वाटेने निरोप पाठवतात. सर्चमध्ये न सापडणारं इंटरनेट तर बहुतेक आपलंच असतं, पासवर्डमागचं, मेल आणि बँकेचं खातं. मग तो कांद्याचं चित्र असलेला ब्राउझर. निरोप कांद्यासारखा पापुद्र्यांत गुंडाळून वेगवेगळ्या देशांतल्या तीन अनोळखी कॉम्प्युटरांतून फिरवतो. प्रत्येकाला फक्त मागचा आणि पुढचा माहीत, पूर्ण वाट कोणालाच नाही. एक पान उघडेपर्यंत चहा थंड व्हायचा. कपाळावर हात मारत बसायचो मी.

एका रविवारी टाकीवर चढून फोटोही मीच काढले. तर फोनने प्रत्येक फोटोत गुपचूप जागा आणि वेळ लिहून ठेवलेली! तीही पुसली. खोट्या नावाचा मेल काढला, अर्ज टाइप केला, बहिणीला वाचायला दिला. "ठीक आहे," ती म्हणाली. संस्थेच्या सगळ्या संचालकांना तो तीन परक्या देशांतून फिरून पोचला. मी खूश. आता शोधा म्हटलं.

चौथ्या दिवशी सचिवांनी हॉस्टेलात काम करणाऱ्या सगळ्या बायांना बोलावलं. टेबलावर अर्जाचा प्रिंट. पहिल्या ओळीतल्या शेवटच्या दोन शब्दांभोवती लाल पेनाने गोल.

सविनय जय भीम.

आमच्या बाबांनी घालून दिलेली सवय. अर्ज वीज ऑफिसला असो की पोस्टाला, सुरुवात हीच. माझी बोटं आपोआप ते लिहून गेली, आणि बहिणीनेही वाचलं तेव्हा तिला काही वेगळं वाटलं नाही. आमच्या घरात त्याशिवाय कागद सुरूच होत नाही. त्या हॉस्टेलात मात्र जय भीम म्हणणारी ती एकटी.

"मॅडम, हे आपल्याकडे कोण म्हणतं?" सचिवांनी विचारलं.

"मीच म्हणतो," ती म्हणाली. बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. रविवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली तिला.

ती दोन बॅगा घेऊन घरी आली तेव्हा मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. "चुकलंच माझं," मी म्हटलं, "ते दोन शब्द काढाले पाहिजे होते."

आणि ती भडकली. माझ्यावर इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "त्या दोन शब्दायचं काहून रडून राहिला? त्या कागदात आपलं तेवढंच तर होतं! स्वयंपाकवाल्या बाई अन् क्लार्क मॅडम माह्यासंग सही कराले तयार होत्या. तू म्हटलं नाव नको, म्हणून मी त्यायले नाही म्हटलं. बिननावाच्या कागदावर कोन उभं राहीन गा?"



माझ्याच टेबलावर बसून तिने हाताने नवा अर्ज लिहिला, आरोग्य विभागाला. वर सविनय जय भीम. खाली स्वतःचं पूर्ण नाव, मोबाइल नंबर, सही. त्या दोघींसाठी जागा सोडली. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"टाकी तूही पाह्यली. कर सही."

पेन उघडायला मला फार वेळ लागला. ते सचिव आमच्या शाळेच्या संचालकांच्या रोजच्या बैठकीतले, म्हणजे माझीही नोकरी त्यांच्या एका शब्दावर. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तिच्याजवळ मी त्यातलं अक्षरही काढलं नव्हतं. शेवटी मी सही केली.

"खाली नाव लिही," ती म्हणाली. "तुही सही कोनाले वाचता येते?"